पिकअपला पिकअप नाही! मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर बदलू का?

चौथा_गिअर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

गाडी २००१ ची पिकअप, जीएमचं ५.३ लिटरचं व्ही८, थ्रॉटल (हवेची झडप) अजून पॅडलच्या केबलने उघडणारा. आधीच्या मालकाने सौम्य कॅम आणि एक्झॉस्ट हेडर बसवलेले आहेत. खालून ओढ उत्तम आहे, महिन्यातून दोनदा ट्रेलर ओढते, कुरकुर नाही. पण ४८०० आरपीएमच्या पुढे गेली की दम संपतो. पाय पूर्ण दाबलेला, आवाज वाढतो, गाडी मात्र जागच्या जागी असल्यासारखी.

म्हणून विचार असा, की मोठ्या तोंडाचा (९० मिमीच्या आसपास) इनटेक मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा जुडगा) टाकायचा आणि सोबत मोठे इंजेक्टर (त्यांचं माप ताशी किती पाउंड पेट्रोल देतात यावर). मॅनिफोल्ड जुना पण चांगला मिळाला, घेऊनही ठेवलाय. इंजेक्टर विकणारा म्हणतोय, "८० पाउंडचेच घ्या, एकदाच काय तो खर्च करा."

प्रश्न दोन. हे दोन्ही मिळून खरंच फरक पडेल का? आणि काम घरी अंगणात होण्यासारखं आहे का? हत्यारं बरीच आहेत, अनुभव बेताचा.

वाचनमात्र
शीर्षकाला दहापैकी दहा. मजकूर नंतर वाचतो.

आठसिलेंडर
डोळे झाकून करा! माझ्या ट्रकला तीन वर्षांपूर्वी मोठा मॅनिफोल्ड आणि मोठी थ्रॉटल बॉडी बसवली. पायाला जरा स्पर्श केला की गाडी उडते. इंजेक्टरही बदलले. मागे वळून पाहिलं नाही.

लॅम्डाताई
चौगि, घाई करू नका. आठसिलेंडर, तुमचा मुद्दा नंतर घेते.

पहिली गोष्ट, इंजेक्टर ताकद निर्माण करत नाही. तो फक्त पेट्रोल मोजून देणारा झडपेचा नळ आहे. आत जेवढी हवा येईल तेवढ्याला पुरेल इतकं पेट्रोल तो देत असेल, तर त्याच्या जागी दुप्पट मोठा नळ लावून काहीही वाढत नाही. आधी हवा वाढते, मग नळ अपुरा पडतो, मग तो बदलतात.

अपुरा पडतोय की नाही, याचं गणित अगदी साधं आहे. अपेक्षित हॉर्सपॉवरला ०.५ ने गुणा (टर्बोशिवायच्या पेट्रोल इंजिनाला दर तासाला दर घोड्यामागे साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागतं), इंजेक्टरच्या संख्येने भागा, आणि पुन्हा ०.८ ने भागा, म्हणजे इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहणार नाही. तुमच्यासाठी अगदी उदार होऊन ४०० घोडे धरू:

४०० × ०.५ = २०० पाउंड. भागिले ८ म्हणजे २५. भागिले ०.८ म्हणजे ३१ पाउंड आणि थोडं. सीसीमध्ये हवं तर साडेदहाने गुणा, मिनिटाला ३३० सीसीच्या आसपास.

आता हेच उलटं करा. ८० पाउंडचे आठ इंजेक्टर किती घोड्यांना पुरतात? ८० × ८ × ०.८ ÷ ०.५ = १०२४.

टोचणी
१०२४ घोडे! चौगि, गाडीचं नंतर बघू, आधी तबेल्याचं बांधकाम काढा.

चौथा_गिअर
टोचणी 😀

ताई, विकणारा म्हणाला, की पुढे कधी टर्बो टाकलात तर परत बदलायला नकोत. आणि मोठा इंजेक्टर कमी वेळ उघडला की झालं, कॉम्प्युटर ते बघून घेईल. यात चूक काय?

लॅम्डाताई
तत्त्व बरोबर आहे. घोडं आयडलला (इंजिन चालू, पाय पॅडलवर नाही) अडतं.

इंजेक्टर म्हणजे कॉइल आणि सुई. वीज दिल्याबरोबर सुई उचलत नाही, तिला साधारण एक मिलिसेकंद लागतो. हा मेलेला वेळ. बॅटरीचा व्होल्टेज कमी असेल तर तो वाढतो. समजा आज आयडलला तुमचा इंजेक्टर ३ मिलिसेकंद उघडतो, म्हणजे १ मेलेला आणि २ कामाचे. २८ पाउंडच्या जागी ८० पाउंडचा लावलात तर कामाचे उरतात ०.७. एवढ्या कमी वेळात सुई धड वर जात नाही, धड खाली बसत नाही. प्रत्येक उघडझापीला वेगळं प्रमाण पडतं. गाडी सिग्नलला उभी राहिली की घुसमटते, पेट्रोलचा वास मारते, अ‍ॅव्हरेज बसतं. चांगल्या प्रतीचे मोठे इंजेक्टर हे सांभाळून घेतात, पण त्यांच्यासोबत मेलेल्या वेळाचं व्होल्टेजनुसार कोष्टक येतं आणि ते कॉम्प्युटरमध्ये भरावं लागतं. तुमच्या विक्रेत्याकडे मागून बघा. मिळालं तर इथे डकवा.

आपल्याकडे याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात.

चौथा_गिअर
मागितलं. उत्तर आलं, "सगळ्यांना चालतात."

टोचणी
कोष्टकच आहे ते. एका ओळीचं.

जुनापाना
इंजेक्टरचं ताईंनी सांगितलं. मी मॅनिफोल्डबद्दल लिहितो, कारण इथे सगळ्यांचा समज असतो की मोठं तोंड म्हणजे मोठी ताकद.

मॅनिफोल्डच्या नळ्यांतून हवा एकसारखी वाहत नाही. व्हॉल्व्ह उघडतो, हवा धावते; व्हॉल्व्ह बंद होतो, धावती हवा त्याच्यावर आपटते आणि दाबाची एक लाट उलटी प्लेनमकडे (नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या पेटीकडे) जाते. तिथून परत फिरते. ती परतायला आणि पुढच्या खेपेला व्हॉल्व्ह उघडायला गाठ पडली, तर सिलेंडरमध्ये फुकटात जास्तीची हवा ढकलली जाते. नळी लांब असेल तर लाटेला जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून गाठ कमी आरपीएमला पडते. नळी आखूड असेल तर जास्त आरपीएमला.

म्हणजे मॅनिफोल्ड बदलून आपण बहुतेक वेळा ताकद एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. क्रायस्लरने १९६० मध्ये ३००एफ गाडीत ३० इंच लांबीच्या नळ्या दिल्या होत्या, इतक्या लांब की त्या इंजिनावरून आडव्या पलीकडच्या बाजूला जायच्या. कशासाठी? मधल्या आरपीएमच्या टॉर्कसाठी. ज्यांना वरचा वेग हवा होता त्यांच्यासाठी तोच मॅनिफोल्ड, बाहेरून तसाच दिसणारा, पण आतल्या भिंती कापून नळी निम्मी, १५ इंचाची केलेली. भिंत कापली, ताकद वर सरकली. तेवढंच.

ट्रकच्या मूळ मॅनिफोल्डच्या नळ्या लांब ठेवतात त्या याच हिशोबाने. चौगि, ट्रेलर तुम्ही किती आरपीएमला ओढता? २००० ते ३०००. तिथली ओढ देऊन ५५०० ची ताकद विकत घ्यायची का, हा खरा प्रश्न आहे. ५५०० ला तुम्ही वर्षातून किती मिनिटं असता?

आठसिलेंडर
काका, ६५ वर्षांपूर्वीची उदाहरणं कशाला? आता नायलॉनचे मॅनिफोल्ड येतात, नळ्यांची लांबीही राखलेली असते आणि तोंडही मोठं असतं. खालचंही फार जात नाही. मी स्वतः वापरतोय म्हणून सांगतो. पाय ठेवला की गाडी झेप घेते. खालच्याच आरपीएमला!

लॅम्डाताई
आता तुमचा मुद्दा. तुमचाही थ्रॉटल केबलचाच ना? ७५ मिमीच्या जागी ९० मिमीचा लावला की क्षेत्रफळ जवळपास ४४ टक्क्यांनी वाढतं. पाय तेवढाच दाबलात तरी झडप उघडल्यावर जास्त हवा आत येते. म्हणजे पूर्वी पाऊण पॅडलला जे मिळायचं ते आता अर्ध्यावर मिळतं. ती झेप पायाला खरी वाटते, पण पूर्ण पॅडलला इंजिन तेवढंच देत असतं. पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवूनही हाच अनुभव येईल.

आठसिलेंडर
म्हणजे तीन वर्षं मी ठोकळ्यावर खूश आहे असं म्हणायचंय तुम्हाला?

लॅम्डाताई
खूश आहात ना? मग झालं की. आधीचे-नंतरचे लॉग असतील तर टाका, मी चुकले असेन तर कबूल करेन.

आठसिलेंडर
लॉग ठेवले नव्हते. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवायला मी काय दुकान चालवतो का.

वाचनमात्र
धागा तापला. मजकूरही वाचला एकदाचा.

धूरकांडी
काम घरी होतं का, या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये. होतं. मी केलंय. आणि काय करू नये तेही मीच सांगतो.

मॅनिफोल्ड उचलला की हेडवरची आठ भोकं उघडी पडतात, आत थेट व्हॉल्व्ह. त्यात नट, वॉशर, वाळलेलं गॅस्केट काहीही पडू शकतं. म्हणून मी शहाणपणाने जुन्या बनियनच्या चिंध्या करून आठही भोकांत बोळे कोंबले. पृष्ठभाग घासला, पुसला, गॅस्केट बसवलं, बोळे काढले, मॅनिफोल्ड ठेवला, बोल्ट आवळले. संध्याकाळ झाली होती, उजेड कमी, बायको दोनदा हाक मारून गेलेली.

स्टार्ट केली तर गाडी लंगडी. मिसफायर. प्लग बदलला, कॉइल अदलाबदल केली, इंजेक्टरची वायर तपासली, सातव्या सिलेंडरचा मिसफायर जागचा हलेना. दोन दिवस डोकं खाजवून शेवटी मॅनिफोल्ड परत उचलला. सातव्यात माझं बनियन. अर्धं व्हॉल्व्हच्या बाजूला ओढलं गेलेलं, कडा करपलेल्या. व्हॉल्व्ह वाकला नाही हे नशीब.

तेव्हापासून बोळे एकाच रंगाचे, प्रत्येकाला दोन वीत दोरी, आणि दोऱ्या सगळ्या बाहेर लोंबत्या. कोंबताना मोजायचे, काढताना मोजायचे. तोंडाने. मोठ्याने.

टोचणी
इंजिन बनियनवर, कॉम्प्युटर गॅसवर.

जुनापाना
धूरकांडी, हसू नका म्हणाला असतात तरी हसलो असतो. पण दोरीची युक्ती उचलतो.

डिझेलभक्त
माझी डिझेल पिकअप आहे. मलाही इंजेक्टर बदलून ताकद वाढवायची आहे. वरचं गणित वापरू का?

लॅम्डाताई
अजिबात नको. चौगिंच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ५८ पीएसआय, म्हणजे ४ बार दाब आहे. तुमच्या कॉमन रेलमध्ये तो पूर्ण जोरात १६०० बार किंवा त्याहून वर जातो. तिथे इंजेक्टर थेट सिलेंडरमध्ये फवारतो आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड कॉम्प्युटरमध्ये भरल्याशिवाय इंजिन नीट चालत नाही. वेगळं शास्त्र आहे. आणि चालू इंजिनाच्या रेलचा नट सैल करून बघायचा जुना प्रकार कॉमन रेलवर करू नका. ती धार कातडीत घुसते.

जुनापाना
डिझेलभक्त, तुमचा मॅनिफोल्ड शेवटचा कधी उघडून पाहिलात? ईजीआरचा (एक्झॉस्टमधून परत इंजिनात सोडलेला) धूर आणि क्रँककेसमधली तेलाची वाफ एकत्र येऊन आत डांबरासारखा थर बसतो. एकाचा उघडला होता तेव्हा तीन बोटं जातील अशा भोकात एक बोट कसंबसं गेलं. नवीन काही घेण्याआधी आहे ते खरवडा.

डिझेलभक्त
वेगळा धागा काढतो.

टोचणी
गेल्या वर्षीही असंच म्हणाला होतात.

गॅस्केटराव
उशिरा आलो. धूरकांडींच्या बनियनला दंडवत. बसवण्याबद्दल काही गोष्टी, मला सुचतील तशा.

चौगि, तुमचा मॅनिफोल्ड वेगळ्या गाडीचा असेल तर सर्वात आधी इंजेक्टरची उंची मोजा. वरच्या ओ-रिंगपासून खालच्या ओ-रिंगपर्यंतचं अंतर. साधारण तीन मापं फिरतात: ३४, ४८ आणि ६० मिमी. मॅनिफोल्ड आणि रेल एका उंचीची, इंजेक्टर दुसऱ्या उंचीचे, असं झालं तर एकतर रेल बसणार नाही, नाहीतर बसेल आणि ओ-रिंग अर्धवट पकडेल. अर्धवट पकडलेल्या ओ-रिंगमधून ४ बारचं पेट्रोल गरम इंजिनावर. यात गंमत नाही. शिवाय कनेक्टरचा आकारही जुळतो का बघा.

ओ-रिंग नव्याच घ्या. बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने फिरवा. कोरडी दाबलीत तर काठ कापला जातो आणि ते दिसतही नाही. इंजेक्टर जागेवर गेल्यावर हाताने गोल फिरायला हवा. फिरत नसेल तर तिरका गेलाय, काढा.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, आपोआप बंद पडू द्या. दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि तरी रेल सोडताना फडकं आणि चष्मा असू द्या.

या इंजिनाच्या मॅनिफोल्डचे बोल्ट दोन फेऱ्यांत आवळायचे: पहिली ५ न्यूटन मीटर, दुसरी १०. मधून बाहेरच्या बाजूला. १० म्हणजे फारच कमी, मनगटाचा जोरसुद्धा जास्त होतो. लोक अंगातला सगळा राग बोल्टवर काढतात आणि मग प्लास्टिक चिरतं.

आणि मॅनिफोल्ड वर आहेच तर खाली बघा. मधल्या दरीत दोन नॉक सेन्सर (इंजिन ठोकतंय का ते ऐकणारे) असतात. मी दर रविवारी हौसेने प्रेशरने इंजिन धुवायचो, पाणी रबरी बुचातून आत गेलं आणि मागचा सेन्सर गंजून भुगा. चूक माझीच. त्याला पोचायला परत पूर्ण मॅनिफोल्ड उचलावा लागतो, म्हणून जुने असतील तर याच खेपेला बदला. २० न्यूटन मीटर, जास्त नको, सेन्सर बहिरा होतो.

नवखा_नट
वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असेल तर इंजेक्टर मोठे लागतात ना?

लॅम्डाताई
भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलच्या एका भागाला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त ओतावं लागतं. ८५ टक्के इथेनॉल चालवणाऱ्याला मूळचे इंजेक्टर खरोखर अपुरे पडू शकतात. थोड्या टक्क्यांच्या मिश्रणाला मूळचे सहसा सांभाळून घेतात.

चौगि गेले कुठे? इंजेक्टर किती वेळ उघडतो, रेलचा दाब आणि एक्झॉस्टमधलं हवा-पेट्रोल प्रमाण, या तीन गोष्टी पूर्ण पॅडलवर मोजल्याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे.

चौथा_गिअर
आहे, आहे. मोजत होतो. मित्राकडून वाइडबँड (एक्झॉस्टमधलं हवा-पेट्रोल प्रमाण दाखवणारं मीटर) आणि दाबाचं गेज आणलं. गेजची नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर वायपरखाली दाबून ठेवलं. (पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नकोस, असं मित्राने तीनदा बजावलं.) मोकळा रस्ता, शेजारी मित्र स्कॅनर घेऊन, तिसऱ्या गिअरला पूर्ण पॅडल.

५४०० आरपीएमला इंजेक्टर १६.९ मिलिसेकंद उघडा.
प्रमाण: कॉम्प्युटर मागतोय १२.६, वाइडबँड दाखवतंय १४.१.
दाब: सुरुवातीला ५८ पीएसआय. ४५०० नंतर काटा घसरायला लागला, ५२०० ला ४६.
नॉक सेन्सरने ठिणगीचं टायमिंग ४ अंश मागे ओढलंय.

काटा घसरताना मी बघत होतो. काचेपलीकडे वाऱ्याने थरथरत होता आणि खाली-खाली चालला होता.

लॅम्डाताई
वा. आता बोलण्यात अर्थ आहे.

चार-स्ट्रोक इंजिनाला एका चक्राला दोन फेरे लागतात. ५४०० ला त्याचा वेळ १,२०,००० ÷ ५४०० = २२.२ मिलिसेकंद. त्यातले १६.९ उघडा, म्हणजे ७६ टक्के. इंजेक्टर अपुरा नाही.

पण इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. ४६ ÷ ५८ चं वर्गमूळ ०.८९. पेट्रोल ११ टक्क्यांनी कमी पडतंय. १२.६ ला ०.८९ ने भागा, १४.१ च येतं. तुमचं वाइडबँड आणि गेज एकमेकांची साक्ष देतायत.

मिश्रण कोरडं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), म्हणून इंजिन ठोकायला लागतं, म्हणून कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो, म्हणून दम संपतो. पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतच नाहीये.

जुनापाना
रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला! या म्हणीचा इतका शब्दशः उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला.

फिल्टर बघा आधी. तुमच्या गाडीला तो फ्रेमच्या दांड्याला बाहेरून असेल. नंतर पंप.

टोचणी
काका, म्हणीसाठी वेगळं बक्षीस.

चौथा_गिअर
फिल्टर बदलला. आधीच्या मालकाने कधी बदलला होता देव जाणे, क्लॅम्पला गंज चढून तो फ्रेमशी एकजीव झाला होता. काढल्यावर उलट्या बाजूने काचेच्या बरणीत ओतला. आधी चहाच्या रंगाचं पेट्रोल, मग काळी बारीक रेती, तळाला गाळ बसला. तोंडाने फुंकून पाहिला (नंतर अर्धा तास चुळा भरल्या, करू नका), नव्यातून हवा सहज जाते, जुन्यातून गाल फुगले तरी जाईना.

आता पूर्ण पॅडलला दाब ५८ वरून ५६ पर्यंतच उतरतो. प्रमाण १२.८. टायमिंग मागे जात नाही. आणि गाडी ५५०० पर्यंत ओढते!

एक कळलं नाही. पेट्रोल आता नीट पोचतंय, तर इंजेक्टर कमी वेळ उघडायला हवा ना? तो अजूनही १६.८ च दाखवतोय.

लॅम्डाताई
पूर्ण पॅडलला तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही. आत आलेली हवा मोजतो, कोष्टकातून मिलिसेकंद काढतो आणि डोळे मिटून तेवढा वेळ इंजेक्टर उघडतो. दाब ४६ आहे की ५८, हे त्याला ठाऊकच नाही, कारण रेलवर दाबाचा सेन्सरच नाही. म्हणून फिल्टर तुंबल्याचा कोड कधी आला नाही.

आठसिलेंडर
चला, मग मॅनिफोल्ड माळ्यावरच राहणार तर. एवढा ऊहापोह करून फिल्टर बदलला.

चौथा_गिअर
नाही हो. मॅनिफोल्ड बसवणारच. तो घेऊन ठेवलाय आणि तसंही मूळच्या गॅस्केटमधून थंडीत सकाळी शिट्टी येते. इंजेक्टरचा बेत मात्र रद्द.

धूरकांडी
दोऱ्या.

चौथा_गिअर
(बारा दिवसांनी) झालं. दोन दिवस लागले. आठ बोळे, आठ दोऱ्या, मुलाला मोजायला बसवलं होतं. तो अजूनही जेवताना "आठ" ओरडतो.

गॅस्केटरावांचं मापाचं सांगणं कामी आलं. माझे इंजेक्टर ६० चे, मॅनिफोल्ड ४८ च्या हिशोबाचा. रेलच्या पायांखाली १२ मिमीचे स्पेसर घातले, ओ-रिंग नव्या, सगळे हाताने फिरतात. इग्निशन नुसतं ऑन करून पंपाला तीनदा दाब धरायला लावला आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याखाली पेपर फिरवला. कोरडा. मगच स्टार्ट केली. केबलचा ब्रॅकेट जुळत नव्हता, पट्टी वाकवून नवीन केला, पॅडल पूर्ण सुटतं आणि पूर्ण बंद होतं हे दहा वेळा तपासलं. नॉक सेन्सरही बदलले, मागच्या भोकात पाणी होतं!

आयडल पहिल्यांदा ११०० ला अडकलं. ताईंच्या सांगण्यावरून आयडलच्या हवेचं कोष्टक आणि व्हीई टेबल (सिलेंडर किती भरतो याचं कोष्टक) नव्याने लावून घेतलं, आता ६५० ला शांत.

निकाल: ५६०० ला इंजेक्टर १७.३ मिलिसेकंद, प्रमाण १२.७.

आठसिलेंडर
थांबा थांबा! १,२०,००० ÷ ५६०० म्हणजे २१.४. त्यातले १७.३ म्हणजे ८१ टक्के! ताईंची ८० ची मर्यादा ओलांडली. म्हणजे हवा खरंच वाढली आणि इंजेक्टर लागणारच! ठोकळा नाही, मॅनिफोल्ड!

लॅम्डाताई
हवा वाढली, हे कबूल. गणित करून दाखवलंत याबद्दल विशेष आनंद.

पण ८० ही काही लक्ष्मणरेषा नाही, हाताशी ठेवलेली शिल्लक आहे. वाइडबँडवर प्रमाण मागितल्याइतकंच येतंय तोवर इंजेक्टर पुरतोय. गरम दिवशी, अर्ध्या टाकीवर एकदा परत मोजा. पुढे कॅम बदललात किंवा इथेनॉल चालवलंत तर ३६ ते ४० पाउंडचे घ्या, कोष्टकासकट. ८० चे नव्हे.

जुनापाना
आणि २२०० ला ओढ कशी आहे? ते कुणी विचारत नाही.

चौथा_गिअर
काका, रिकामी असताना कळत नाही. किंचित मऊ वाटते, पण आता थ्रॉटल मोठा झाल्यामुळे माझ्या पायावर माझाच भरवसा उरलेला नाही. ट्रेलर लावून घाटाचा चढ याच आठवड्यात चढणार आहे, त्याच गिअरला, तेवढ्याच वजनाने. मागच्या खेपेचा लॉग आहे माझ्याकडे.

डिझेलभक्त
जुना मॅनिफोल्ड विकताय का? भाच्याच्या ट्रकला लागतोय.

चौथा_गिअर
चढ चढून आलो की सांगतो. तोवर धुऊन, भोकांना टेप लावून ठेवलाय.